फुगे रिकामे पाठवा

मी हा प्रवास रागाने केला, हे आधीच सांगून टाकते. लोक बुलढाणा जिल्ह्यात जातात ते शेगावला दर्शनाला किंवा लोणारचं सरोवर बघायला. मी गेले ती माझ्या वाचकांशी भांडायला. अशा कामासाठी कोणी तीनशे मैल जातं का, असं आमच्या मुख्याध्यापिकांनी रजेचा अर्ज वाचून विचारलं होतं. मी म्हटलं, जातं.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझी मैत्रीण सुधा तिथेच मराठी शिकवते. आम्ही दोघी मिळून तीन वर्षांपासून एक चित्रकथा काढतो, ‘सखू टपालवाली’. सखूच्या नवऱ्याचा पाय मोडतो आणि त्याची टपालाची थैली ती खांद्यावर घेते, इथून गोष्ट सुरू झाली. सखूला जादू येत नाही. ती चुकीच्या पत्त्यांची माणसं शोधते, कुत्र्यांना चुकवते, भावाभावांतले अबोले मोडते. चित्रं मी काढते, पात्रांची बोलणी सुधा लिहिते, आणि पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात काळ्या शाईत अंक निघतो.

दुसरीकडे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा ‘बिजलीवीर’ होता. लाल झगा, डोळ्यांवर मुखवटा, तळहातातून वीज. चार रंगांत छापलेला, प्रत्येक स्टँडवर टांगलेला. त्या कंपनीने आम्हाला पत्र पाठवलं की सखू आम्हाला द्या. ती यापुढे बिजलीवीराची मदतनीस होईल, थैलीऐवजी तिच्या पाठीवर पंख असतील आणि ती पत्रं आकाशातून टाकेल. सोबत करारनामा होता. महिनाअखेर सही हवी होती.

सुधा म्हणाली, “सही करू या. निदान सखू जगेल तरी.” तिचंही चूक नव्हतं. आम्ही दोघी दमलो होतो आणि अंक कोण वाचतं हेच आम्हाला कळत नव्हतं. त्याच आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याहून एक कार्ड आलं. पुण्याबाहेर आमचा सगळ्यात मोठा गठ्ठा या सोनाळ्याला जायचा, बारा अंकांचा. तिथून कधी पत्र आलं नव्हतं. या कार्डावर दोनच ओळी होत्या: ‘पुढील अंकापासून फुगे रिकामेच पाठवावे. आम्ही येथे भरून घेऊ. आपली, वत्सलाबाई, प्रौढ वर्ग.’

बिजलीवीराच्या प्रत्येक अंकाबरोबर त्या दिवसांत एक रबरी फुगा फुकट मिळत असे, त्यावर मुखवटा छापलेला. मी कार्ड टेबलावर आपटलं. म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गठ्ठ्यालाही फुगेच हवेत! वर सूचना काय, तर रिकामे पाठवा, हवा आम्ही भरू! मी तुळशीबागेत जाऊन फुग्यांचं एक पाकीट विकत घेतलं आणि पिशवीत टाकलं. सुधाला सांगितलं, “मी स्वतः जाते. सोनाळ्यालासुद्धा फुगेच हवे असतील, तर पाकीट त्यांच्यापुढे ठेवीन, परत येऊन सही करीन आणि सखूला पंख काढीन. नसतील तर मात्र सही नाही.” करारनामाही मी बरोबर घेतला. राग शाबूत राहावा म्हणून.

चिखली

मलकापूरला रेल्वेतून उतरून एसटीने निघाले. थंडीचे दिवस होते. रस्त्याने कापसाच्या गाड्या लागत होत्या, एकीमागे एक, आणि बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहिला होता. तिकिटासाठी पिशवी उघडली तर फुग्यांचं पाकीट फाटलेलं. चार-पाच फुगे कंडक्टरच्या पायाशी पडले.

“जत्रेले चालल्या काय बाई?” त्याने ते उचलून देत विचारलं.

“भांडायला चालले आहे,” मी म्हटलं.

“मंग सुटे पैसे असू द्या, भांडन मले नको,” तो म्हणाला आणि तिकीट फाडून पुढे गेला. सबंध मोटार हसली. मीही हसले असते, पण मी ठरवून रागावलेली होते.

सोनाळ्याआधी चिखलीच्या आमच्या विक्रेत्याला भेटायचं होतं, म्हणून बुलढाण्याचा घाट चढून पुढे चिखलीला पोचले. गाव धान्याचं आणि कापसाचं. अडतीपुढे बैलगाड्या उभ्या, शेजारी शाळा आणि शाळेसमोर त्या विक्रेत्याचं, शेषरावांचं, पुस्तकांचं दुकान. पाट्या, वह्या, शाईच्या दौती आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले एकापुढे एक सात बिजलीवीर. सखू कुठेच दिसेना. शेषराव साठीचे, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि मग हिशेबाच्या वहीखालून सखूचे अंक काढले.

“लपवून ठेवता का हो?” मी विचारलं.

“नाही बाई. दोरीवर टांगलं की पोरं बाजूला सारतात. लाल रंग दिसला पाहिजे त्यांना.” मग जरा ओशाळून म्हणाले, “मी मात्र वाचतो. दुपारच्याला गिऱ्हाईक नसतं तेव्हा.”

“कसा वाटतो?”

शेषराव खरं बोलणारे होते. “चित्रं झकास. पण बोलतात फार जपून. आमच्याकडं एवढं जपून फक्त सोयरीक जुळवायला आलेले बोलतात.”

मला ते लागलं. ती बोलणी सुधाने चार-चारदा लिहून काढलेली असत. आमच्याकडे चित्रातल्या बोलण्याच्या त्या गोल चौकटीला आम्ही ‘अंडं’ म्हणतो, आणि कुठल्या अंड्यात किती शब्द मावतील यावर आम्हा दोघींची संध्याकाळ जात असे. मी चहा तसाच ठेवून उठणार होते. पण शेषरावांच्या घरून कळण्याची भाकरी, ठेचा आणि तेल आलं. ज्वारीत उडीद घालून दळलेली ती काळसर भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. पुण्यात आम्ही पाहुण्याला मऊ पोळी वाढतो. इथे पाहुण्याला घरची सगळ्यात खमंग भाकरी देतात, मग दातांचं काय ते पाहुण्याने बघावं. मी दोन खाल्ल्या आणि राग थोडा खाली बसला.

मोताळा

दुसऱ्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. तिथे आमचा कोणी विक्रेता नव्हता. मला फक्त बघायचं होतं की लोक काय वाचतात. वांगी, मिरच्या, लसणाच्या जुड्या, घोंगड्या यांच्यामधून वाट काढत मी चालले होते आणि तीन जणींनी मला थांबवून विचारलं, “फुगे कसे दिले बाई?” फाटक्या पाकिटातून एक निळा फुगा पिशवीबाहेर लोंबत होता. पुण्याची शिक्षिका मोताळ्याच्या बाजारात फुगेवाली ठरली. मी तो आत कोंबला.

लिंबाच्या झाडाखाली एक न्हावी बसला होता. त्याच्या पेटीवर बिजलीवीराचे जुने अंक होते, नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकांनी चाळायला. धोतर नेसलेले, तोंडाला साबण लावलेले शेतकरी त्यात डोकं घालून बसलेले. मला वाटलं होतं ही पोरासोरांची वस्तू आहे. मी पिशवीतून सखूचा अंक काढला आणि अर्ध्या गालाची दाढी झालेल्या एका गृहस्थांपुढे धरला.

“हे बघता का जरा?”

त्यांनी दोन पानं नीट पाहिली. मग विचारलं, “हे बाई कोन्या गावची?”

“गाव असं नाही. कल्पनेतलं आहे.”

“मंग टपाल कोन्या गावचं वाटते?”

मी म्हटलं, “तुमचा बिजलीवीर तरी कुठल्या गावचा आहे?”

“त्याले गाव कायले पाह्यजे? तो उडते.” त्यांनी अंक परत दिला आणि दुसरा गाल पुढे केला. न्हाव्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

त्या दिवशी मी बाजारातल्या शेवभाजीच्या दुकानात बसून करारनामा पुन्हा वाचला. पाचव्या कलमात लिहिलं होतं की सखूच्या पंखांचा रंग कंपनी ठरवेल. शेवभाजी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुकानदाराने न मागता गुळाचा खडा पुढे ठेवला. सही करून टाकावी असं मला त्या बाकावर खरोखर वाटलं. पण मी सोनाळ्याला जायचं म्हणून निघाले होते आणि अर्ध्यातून परतणं माझ्या स्वभावात नाही.

सोनाळा

नांदुरा, मग जळगाव जामोद, अशा मोटारी बदलत उत्तरेला गेलं की सपाट काळ्या रानाच्या टोकाला सातपुडा उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी सोनाळा. इथले लोक गावाच्या नावातला ‘ळ’ सरळ बाजूला करून ‘सोनाया’ म्हणतात. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पुण्यात अजून कित्येक जण या भागाला नुसतं ‘तिकडे’ म्हणत. मीही म्हणत असे.

मी येण्याचा दिवस कळवला होता, म्हणून कार्ड लिहिणाऱ्या वत्सलाबाई स्टँडवर आल्या होत्या. तिशीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. गावातल्या बायांसाठी साक्षरतेचा प्रौढ वर्ग त्याच चालवत. आमचे बारा अंक त्या वर्गासाठी येत होते, हे मला तेव्हा कळलं. “आज अमावस्या,” त्या म्हणाल्या. “बैलांना सुटी, म्हणून कापूस वेचणाऱ्या बायांनाही सुटी. दुपारीच वर्ग भरवलाय, तुम्ही येणार म्हणून.”

“फुग्यांबद्दल तुमचं कार्ड मिळालं,” मी कोरड्या आवाजात म्हटलं.

“हो ना! फार बरं झालं बाई. भरायला आम्हाला फार त्रास होतो हो.”

मी मनात म्हटलं, फुगा भरायला कसला त्रास?

शाळेच्या खोलीत दहा-बारा जणी सतरंजीवर बसल्या होत्या. पुढे द्वारकाबाई, पन्नाशीच्या, मिरची-वांग्याचा मळा करणाऱ्या. बोटांवर कापसाच्या बोंडांनी ओरखडे. त्यांच्याशेजारी रुखमा, नवीन लग्न झालेली, कुणालाही न भिणारी. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी पिशवीतून पाकीट काढलं आणि सतरंजीवर उलटं केलं.

“घ्या,” मी म्हटलं. “तुमचे फुगे. रिकामे.”

वत्सलाबाईंचा चेहरा पडला. शेवटी रुखमाने एक लाल फुगा उचलला, ताणून पाहिला आणि विचारलं, “आमी काय लायनी लेकरं हाओ बाई?”

“मग कार्डात काय मागितलंत?”

“ह्ये फुगे नाई वं माय!” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचा सखूचा अंक उघडला आणि सखूच्या तोंडाजवळच्या गोल चौकटीवर बोट ठेवलं. “ह्ये फुगे!”

अंडं. आमचं अंडं. आणि मला आठवलं. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर नव्या वाचकांसाठी मी स्वतःच छापलं होतं: ‘पात्राच्या तोंडाजवळच्या फुग्यात त्याचे बोलणे असते.’ अंडं म्हटलं तर लोक हसतील म्हणून तो शब्द मीच योजला होता आणि विसरले होते. इथे बायांनी तो पाठ केला होता.

हे मी त्यांना सांगितलं मात्र, खोलीत जे हसू फुटलं ते थांबेना. रुखमाने लाल फुगा फुगवून माझ्यापुढे नाचवला. मी हसले आणि लगेच माझे डोळेही भरून आले. रागावायला इतक्या लांब आले आणि रागाचं कारण माझंच निघालं!

पण पुढे वेगळंच होतं. मी द्वारकाबाईंच्या हातातला अंक घेतला. तो फुगून जाड झाला होता. प्रत्येक चौकटीत सुधाच्या शब्दांवर वहीच्या कागदाचा तुकडा खळीने चिकटवला होता आणि त्यावर मोठ्या, थरथरत्या अक्षरांत दुसरंच काही लिहिलं होतं. अख्ख्या अंकात सुधाचा एक शब्द उघडा राहिला नव्हता. मला ते सहन होईना.

“हे का केलंत?” मी विचारलं.

“खळीले मुंग्या लागते,” द्वारकाबाई म्हणाल्या, जणू मी तेच विचारलं होतं. “म्हनून म्हटलं, फुगे रिकामेच धाडा.”

“तसं नाही. मूळ शब्दांचं काय वाईट होतं?”

वत्सलाबाई मधे पडणार होत्या, पण द्वारकाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी एका तुकड्याचा कोपरा नखाने उचलला आणि खालचं छापील बोलणं एकेक अक्षर जोडत वाचलं: “काकू, आपले पत्र आले आहे. कृपया दार उघडता का?” मग तुकडा परत दाबला आणि वरचं वाचलं, या वेळी न अडखळता: “द्वारकामाय, दार उघड वं. लेकाचं पत्र हाय.”

“कोनी दारात येऊन ‘कृपया’ म्हनलं,” रुखमा म्हणाली, “तं आमी दार उघडत नाई. जप्तीवाला वाटते.”

पुन्हा हसू. मी हट्टाने विचारलं, “बिजलीवीर येतो की नाही तुमच्याकडे?”

येत होता. रुखमाच्या दिराकडून. सगळ्यांनी पाहिला होता.

“मग त्याचे फुगे का नाही बदलले? तो तर माझ्या सखूपेक्षा शुद्ध बोलतो.”

“त्याचे काऊन बदलाव?” रुखमा म्हणाली. “तो कोनाच्याच गावचा नाई. त्यानं कसंबी बोलावं. सखू तं आमच्या गल्लीतून जाते.”

मोताळ्याचा अर्ध्या गालाचा गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढे आला. तो हेच म्हणत होता आणि मी त्याला अडाणी समजले होते.

मी ठरवलं, सगळं सांगायचं. पिशवीतून करारनामा काढला. सखू विकायची की नाही, पंख लावायचे की नाही, महिनाअखेर सही, सगळं. शेवटी सरळ विचारलं, “दोघांतलं एकच मिळणार असेल, तर कोण हवं? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको.”

रुखमाने सगळ्यांच्या आधी हात वर केला. “मले बिजलीवीर. रंग पाहून जीव हरकते. दिवसभर कापूस वेचून आल्यावर उडनाराच पाहू वाट्टे.” आणखी चार जणींनी मान हलवली. मी खरं मागितलं होतं, ते मिळालं.

द्वारकाबाई मात्र विचार करत होत्या. “बिजलीवीर म्या तीनदा पाह्यला,” त्या म्हणाल्या. “सरला. ह्ये सखू अजून सरली नाई. तुकडा काढतो, नवीन लिहितो. ह्या पानावर तिनं चार येळा येगयेगळं म्हनलं.” मग करारनाम्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, “तिले पंख लावले तं ते दारात काऊन उभी राहीन?”

याचं उत्तर कंपनीच्या एकाही कलमात नव्हतं. मी म्हटलं, “नाही राहणार.”

“मंग?”

मी पेन काढलं. “मला एक कोरा कागद द्या. रिकामे फुगे आत्ता देते.” वत्सलाबाईंनी कपाट उघडलं. वह्या संपल्या होत्या. उरलेल्यांचे तुकडे होऊन सखूच्या तोंडाला लागले होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि करारनामाच उलटा केला. मागची बाजू स्वच्छ होती आणि कागद उत्तम होता, कंपनीचाच. त्यावर मी एक बंद दार काढलं, दारापुढे थैली घेतलेली सखू, आणि दोन फुगे: एक दाराआडून, एक सखूचा. दोन्ही रिकामे.

पेन द्वारकाबाईंकडे दिलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. वत्सलाबाईंनी माझ्या कानाशी लागून सांगितलं की द्वारकाबाईंचा मुलगा कामासाठी बाहेर गेलाय. दिवाळीपासून पत्र नाही. त्याची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नकोत, म्हणून त्या वर्गाला आल्या.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे न देता स्वतः वाचला. दाराआडचा फुगा: “कोन हाय वं?” सखूचा फुगा: “मी सखू. आज पत्र नाई आलं. पन मी आली.”

रुखमाने हातातला लाल फुगा खाली ठेवला.

त्या संध्याकाळी द्वारकाबाईंच्या अंगणात रोडगे झाले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तूप-वरण ओततात. जोडीला त्यांच्याच मळ्याच्या वांग्यांची भाजी. आमच्याकडे जेवताना पाहुण्याला आग्रह करतात, इथे नुसतं वाढतात. राखेचा एक कण दाताखाली आला, तोही मी गिळला. वत्सलाबाईंच्या शाळेच्या सगळ्या मुलांना एकेक फुगा मिळाला आणि माझं पाकीट संपलं.

परत पुण्यात

सुधाला मी तो कागद दिला. तिने आधी पुढची बाजू पाहिली, सहीची जागा कोरी होती. “म्हणजे नाही म्हणतेस,” ती म्हणाली. मी म्हटलं, उलटा कर. तिने उलटा केला, वाचला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, “तीन वर्षं मी सखूच्या हातात प्रत्येक वेळी पत्र दिलं. एकदाही रिकाम्या हाताने पाठवली नाही. मला भीती वाटायची.” मग तिने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पुढच्या अंकाच्या कच्च्या पानांवरच्या आपल्या शब्दांवर, एकेका अंड्यातून, रेघ मारायला बसली. सगळी नाही, निम्मी. बाकीच्या निम्म्यांसाठी मीही भांडले नाही.

महिना उलटल्यावर कंपनीचं स्मरणपत्र आलं: सही करायची नसल्यास करारनामा कोरा परत पाठवावा. मी त्यांना कार्ड टाकलं की सही होणार नाही, आणि कागदही परत करता येणार नाही. त्याच्या पाठीवर सखू बोलली आहे.